म्हाताऱ्या घोड्याचा मागचा पाय आखडतो तेव्हा: हॉकच्या संधिवाताची देखभाल

सकाळी दावणीतून सोडलं की तट्टू पहिली वीस-पंचवीस पावलं लाकडाचे पाय लावल्यासारखी टाकतं. मग हळूहळू मोकळं होतं, आणि दुपारी बघायला गेलं तर चालीत काही खोट दिसत नाही. वय १५ च्या पुढं गेलेल्या घोड्यात असं दिसलं की "म्हातारं झालं, आखडणारच" म्हणून विषय संपतो. खरं तर तो तिथं सुरू व्हायला हवा.

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, चिकोडी, रायबाग, अथणी, हुक्केरी या पट्ट्यात जत्रेच्या शर्यती पळून थांबलेली घोडी भरपूर आहेत. बेळगाव-खानापूरकडं वरातीची घोडी आहेत, आणि मेंढरांमागं ओझं वाहणारी धनगरांची तट्टं तर सगळीकडं. शर्यतीचं घोडं वेगानं झिजतं, वरातीचं मागच्या पायांवर नाचवल्यामुळं आणि धनगराचं ओझ्यानं. झीज मात्र एकाच ठिकाणी होते: मागच्या पायाच्या मधल्या सांध्यात.

हा आजार बरा होत नाही, पण नीट सांभाळलं तर घोडं पुढची कित्येक वर्षं हिंडतं-फिरतं राहतं. पैसा आणि मेहनत आधी खुरावर, मग चालण्यावर, मग वेदना कमी करण्यावर लावायची. डब्यातल्या पावडरी सगळ्यांत शेवटी. बहुतेक ठिकाणी हा क्रम नेमका उलटा असतो.

नेमकं कुठं दुखतं

मागच्या पायाच्या मध्यावर, मागं टोक आलेला जो सांधा दिसतो तो हॉक. पुष्कळ जण त्याला मागचा गुडघा म्हणतात, पण घोड्याचा खरा गुडघा वर, पोटाला लागून असतो. हॉक म्हणजे माणसाचा घोटा, आणि मागचं ते टोक म्हणजे माणसाची टाच. हा एकच सांधा नसून एकावर एक रचलेले चार सांधे आहेत. पाय दुमडतो तो जवळजवळ सगळा वरच्या मोठ्या सांध्यात. खालचे दोन सांधे फारसे हलत नाहीत. चपटी हाडं चकत्यांसारखी एकमेकांवर बसलेली असतात आणि धक्का सोसणं एवढंच त्यांचं काम.

संधिवात बहुतेक वेळा या खालच्या दोनांत होतो. कूर्चा झिजते, कडेनं नवं हाड वाढतं, आणि हॉकच्या आतल्या बाजूला, खालच्या अंगाला बोटांना टणक उंचवटा लागतो. जुने घोडेवाले त्याला हड्डा म्हणतात. हॉकच्या पुढच्या बाजूला येणारी मऊ, दाबली की सरकणारी फुगी वेगळी. ते वरच्या सांध्यातलं वाढलेलं पाणी असतं. घोडं लंगडत नसेल आणि जागा गरम नसेल तर ती फुगी बहुधा दिसायलाच वाईट असते.

खालचे सांधे मुळातच हलत नाहीत, ही या आजारातली मोठी सोय. झिजता झिजता ती हाडं एकमेकांना पूर्ण जुळली, तर घासायला काही उरत नाही आणि दुखणं थांबतं. पाय तरीही दुमडतो, कारण दुमडण्याचं काम वरचा सांधा करतो. शरीर स्वतःच वेल्डिंग करून घेतं म्हणा. फक्त त्याला महिने लागतात, कधी वर्षं, आणि काही घोड्यांत ते कधीच पुरं होत नाही. संधिवात वरच्या मोठ्या सांध्यात असेल तर ही सोय मिळत नाही. तशा घोड्याला कामातून मोकळं करणंच बरं. म्हणून नेमका कोणता सांधा धरलाय हे आधी कळायला हवं.

घरी करायची तपासणी

सपाट आणि टणक जागा निवडा. डांबरी गल्ली चालेल, चोपलेलं खळं चालेल. चिखलात किंवा नांगरटीत काहीच कळत नाही. घोडं रात्रभर उभं राहिलेलं असताना, काही काम करण्याआधी, दोर सैल धरून २० मीटर चालवत न्या आणि परत आणा. मग हलक्या दुडक्या चालीनं तेच करा. दुसऱ्या माणसानं मोबाईल कमरेइतका खाली धरून एकदा मागून आणि एकदा बाजूनं व्हिडिओ काढावा.

मागून बघताना पुठ्ठ्याची दोन्ही हाडं सारखी वरखाली होतात का ते बघा. दुखऱ्या बाजूचं हाड जास्त उचललं जातं. बाजूनं बघताना मागचं पाऊल पुढच्या पावलाच्या ठशापर्यंत पोचतं का, खुराचं टोक जमिनीला घासतं का हे बघा, आणि कान उघडे ठेवा. डांबरावर खर्रकन घासल्याचा आवाज डोळ्यांच्या आधी सांगतो. नाल काढलेली असेल तर ती हातात घ्या; टोकाकडं जास्त झिजलेली मागची नाल हा जुना आणि भरवशाचा पुरावा.

एक गफलत नेहमी होते. हा आजार पुष्कळदा दोन्ही पायांना असतो. दोन्हीकडं सारखंच दुखत असलं की घोडं लंगडत नाही, नुसतं आखूड पावलं टाकतं. मालकाला वाटतं आळशी झालंय, चाबूक पाहिजे. गाडी मागं रेटायला नकार देणं, उतारावर गाडी न धरणं, नालबंदानं पाय उचलला की झटकणं, पाठीवर हात फिरवला की दबणं: ही सगळी हॉकच्या दुखण्याची लक्षणं असू शकतात, हट्टीपणाची नव्हेत.

आता वाकवून बघायची चाचणी. मागचा पाय पोटाखाली घेऊन पूर्ण दुमडा, ६० सेकंद धरा, सोडल्याबरोबर दुडक्या चालीनं पळवा आणि पहिली दहा पावलं मोजा. लंगडणं स्पष्ट वाढलं तर संशय पक्का होतो. मग दुसरा पाय. धरणाऱ्यानं घोड्याच्या बाजूला, पुठ्ठ्याला खांदा लावून उभं राहायचं, मागं कधीच नाही. या चाचणीची मर्यादाही ध्यानात ठेवा. घोड्याच्या मागच्या पायात हॉक आणि वरचा गुडघा स्नायूंनी असे बांधलेले असतात की एक दुमडला की दुसरा दुमडतोच. त्यामुळं दुखणं गुडघ्याचं असलं तरी चाचणी होकार देते. रोज रोज ही चाचणी करत बसू नये. दुखऱ्या सांध्याला तोच त्रास होतो.

हे दुसरंच काही तर नाही ना?

एका रात्रीत घोडं तीन पायांवर आलं तर तो संधिवात नव्हे. खुरात पू झालाय किंवा नालेचा खिळा जिवंत भागात गेलाय असं धरून आधी खूर तपासा: खूर गरम लागतो, खुराच्या लगेच वरच्या सांध्यामागची नाडी ठोके देते, आणि नालबंदानं चिमट्यानं दाबलं की घोडं पाय ओढून घेतं. पाय मागं ताणून अडकतो आणि घोडं मागं सरकलं की सुटतो, असं होत असेल तर गुडघ्याची वाटी अडकते आहे. विश्रांतीच्या दिवशी भरपूर हरभरा खाऊन दुसऱ्या दिवशी कामाला जुंपल्यावर घामाघूम होऊन पुठ्ठे दगडासारखे झाले आणि लघवी तांबडी आली, तर ते स्नायूंचं दुखणं आहे. तिथल्या तिथं उभं करा आणि डॉक्टरांना बोलवा, चालवू नका.

आपल्याकडं पावसाळ्यानंतर गोमाशा वाढल्या की सर्रा, म्हणजे रक्तातल्या परजीवींचा आजार, येतो. घोडं वाळतं, ताप चढ-उतार करतो, पायांवर आणि पोटाखाली सूज येते, मागचा भाग डुलतो. "मागून ढिलं झालंय" एवढ्यावरून संधिवाताची औषधं महिनाभर चालू राहतात आणि सर्रा वाढत राहतो. रक्त तपासून घेणं हाच उपाय.

आणखी एक कारण आपल्या वैरणीतच दडलंय. त्याबद्दल खाली, खाण्याच्या भागात.

डॉक्टरांकडं जाताना

तालुक्याच्या सरकारी पशू दवाखान्यातले डॉक्टर बहुतेक वेळ गाई-म्हशींत घालवतात, शिवाय बऱ्याचदा बाहेरून बदलून आलेले, कन्नड बोलणारे असतात. मालकाची मराठी आणि डॉक्टरांची कन्नड यांच्यामध्ये "लंगडतंय" एवढंच शिल्लक राहतं. म्हणून तो व्हिडिओ न्या. व्हिडिओला भाषा लागत नाही. घोडं हलवण्यासारखं नसेल तर १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी फोन करता येतो.

तीन गोष्टी स्पष्ट विचारा: कोणता सांधा धरलाय, एक्स-रे काढता येईल का, आणि धनुर्वाताची लस कधी दिली होती. शेवटचा प्रश्न फालतू वाटेल, पण घोडं धनुर्वाताला फार लवकर बळी पडतं, आणि पुढं खिळे, सुया हे सगळं आलंच. एक्स-रेची सोय जवळ नसेल तर महामार्गानं पुण्याच्या दिशेला शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. एक्स-रे बघताना घाबरूही नये आणि निश्चिंतही होऊ नये. चित्रात भयानक दिसणारा हॉक घेऊन घोडं खुशाल चालतं, आणि जवळपास स्वच्छ दिसणारा हॉक खूप दुखवतो. भरवशाची खूण म्हणजे सांध्यात भूल देऊन बघणं. भूल दिल्यावर लंगडणं थांबलं तर दुखणं तिथलंच.

जाण्याआधी वजन काढून ठेवा, कारण औषधाची मात्रा वजनावर ठरते आणि डोळ्यांचा अंदाज पन्नास-पन्नास किलोनं चुकतो. टेपनं छातीचा घेर पुढच्या पायांच्या लगेच मागून घ्या, सेंटिमीटरमध्ये. लांबी खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, आणि त्याला ११,८७७ नं भागायचं. घेर १४० आणि लांबी १३५ असेल तर उत्तर येतं साधारण २२३ किलो.

वेदना कमी करणारी औषधं

घोड्याला मेलॉक्सिकॅमची नेहमीची मात्रा किलोमागं ०.६ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. वरच्या हिशोबातल्या २२३ किलोच्या तट्टाला साधारण १३४ मिलिग्रॅम. हा आकडा स्वतः औषध सुरू करण्यासाठी नाही, चिठ्ठी ताडून बघण्यासाठी आहे. गाईसाठीची गोळी अंदाजानं तोडून देणं इथं सर्रास चालतं म्हणून सांगितला. फेनिलब्युटाझोन हे घोड्यांचं जुनं औषध. त्याचं इंजेक्शन फक्त शिरेत द्यायचं असतं. शिरेबाहेर किंवा मांसात गेलं तर तो भाग सडतो. ते काम डॉक्टरांचंच.

दोन वेदनाशामकं एकाच वेळी कधीच नाहीत. एकानं भागलं नाही म्हणून मेडिकलमधून दुसरं आणायचं, ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. जठराला आणि आतड्याला व्रण पडतात, मूत्रपिंडं जातात. औषध खाण्याबरोबर द्यावं आणि समोर पाणी भरपूर असावं. घोडं आंबोण सोडायला लागलं, दात करकरायला लागलं, लीद पातळ झाली की औषध बंद करून फोन करायचा. डायक्लोफेनॅक जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे, किटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅक २०२३ पासून. ही औषधं दिलेलं मेलेलं जनावर खाऊन गिधाडं मरतात, म्हणून. माणसाची डायक्लोफेनॅकची बाटली वापरणं हीच पळवाट अजून चालू आहे.

औषध रोज की गरजेपुरतं? आमचं मत असं: सुरुवातीला डॉक्टरांनी ठरवलेला सलग आठवडा-दोन आठवड्यांचा डोस द्यावा, त्या काळात खूर सुधारून घ्यावेत, चालणं सुरू करावं, आणि मग सगळ्यांत कमी किती औषधात घोडं समाधानानं चालतं ते हळूहळू उतरत शोधावं. औषध देऊन काम वाढवणं म्हणजे जळत्या घराची धोक्याची घंटा कापून टाकणं.

सांध्यात स्टेरॉईडचं इंजेक्शन हा पुढचा टप्पा. काही महिने, कधी वर्षभर आराम मिळतो. दोन अटी. पहिली, केस काढून, जागा नीट निर्जंतुक करून, नवीन सुईनं, घोडं शांत करून दिलं जावं. गोठ्यात उभ्या उभ्या उरकायचं हे काम नाही, कारण सांध्यात जंतू गेले तर घोडं जातं. दुसरी, घोडं फार लठ्ठ असेल, किंवा उन्हाळ्यातही अंगावरचे लांब, कुरळे केस झडत नसतील आणि पाणी जास्त पीत असेल, तर आधी डॉक्टरांना ते सांगा. म्हातारपणी होणाऱ्या एका ग्रंथीच्या आजाराची ती खूण असते, आणि अशा घोड्याला स्टेरॉईडनं खुरांचा दाह होण्याचा धोका असतो. तो दाह हॉकपेक्षा वाईट.

खूर: खर्च करायची पहिली जागा

खूर महिन्याला साधारण ८ ते १० मिलिमीटर वाढतो. टोक लांब झालं की पाऊल उचलताना ते उशिरा सुटतं, आणि तेवढा वेळ हॉकवर ताण राहतो. म्हणून ५ ते ६ आठवड्यांनी नालबंद आलाच पाहिजे. "नाल अजून घट्ट आहे" हे कारण चालत नाही. नाल घट्ट असते, खूर मात्र वाढलेला असतो.

मागच्या खुरांसाठी नालबंदाला सांगायचं ते असं. टोक कानशीनं मागं घ्या. नालेचं टोक गोल करा किंवा चपटं करून खुराच्या कडेपासून ५ ते ८ मिलिमीटर आत बसवा, म्हणजे पाऊल लवकर सुटेल. नालेची मागची दोन टोकं खुराच्या टाचेच्या मागं अर्धा ते एक सेंटिमीटर येऊ द्या. आतली आणि बाहेरची बाजू समपातळीत हवी. एका बाजूला झुकलेला खूर हॉकमधल्या चपट्या हाडांची एकच कड चिरडतो. आणि नालेला खाली ठोकलेल्या घसरू न देणाऱ्या गुठळ्या किंवा उंच डोक्याचे खिळे नकोत. शर्यतीच्या लोकांना हे पटत नाही, पण पाऊल जमिनीत रुतून अडकतं आणि वरचं शरीर फिरतं, तेव्हा ती पीळ थेट हॉकला बसते. डांबरावर जायचंच नसेल आणि खूर टणक असेल तर मागचे पाय बिननालेचे ठेवणं चांगलं.

पाय उचलणं हेच दुखऱ्या घोड्याला सोसत नाही. डॉक्टरांनी वेदनाशामक चालू केलं असेल तर त्या दिवसाचा डोस नालबंद येण्याच्या तास-दोन तास आधी द्यावा. पाय खाली, पोटाखालीच धरावा, बाहेर ओढू नये. अर्ध्या मिनिटाला खाली ठेवून विसावा द्यावा. घोडं शेवटी लाथ मारतं ते रागानं नव्हे. बैलाला पाडून पत्री मारतात तसं दोरीनं पाडून नाल ठोकणं म्हाताऱ्या, आखडलेल्या घोड्याच्या बाबतीत सरळ बंद करावं. पडताना आणि उठताना जो झटका बसतो त्यानं महिनाभराची कमाई जाते.

उभं राहण्याची जागा

अगाडी-पिछाडी बांधण्याची पद्धत जुन्या घोडेवाल्यांत अजून आहे. त्यातली पिछाडी सोडा. मागचे पाय दोरांनी ताणून मेखेला बांधले की घोडं रात्रभर वजन इकडचं तिकडं करू शकत नाही, बसूही शकत नाही. मोकळा वाडा नसेल तर निदान ४ मीटर बाय ४ मीटर जागा आणि मोकळं तोंड.

फरशीचा गोठा असेल तर आधी त्याचा बंदोबस्त करा. शहाबादी फरशीवर लघवी झाली की मागचे पाय फाकतात. खाली मुरूम चोपून वर १५ सेंटिमीटर जाडीचं अंथरूण हवं. खानापूरकडं भाताचा पेंढा स्वस्त आहे. चिकोडी-रायबागकडं साखर कारखान्याची उसाची चोयटी मिळते, ती कोरडी आणि बुरशी नसलेली असेल तर चालते. वाळू टाकली तर वैरण वाळूवर टाकू नका, पोटात वाळू साठून पोटशूळ होतो.

अंथरुणाचा हट्ट एवढ्यासाठी की घोडं उभ्यानं डुलकी घेतं, पण गाढ झोपेसाठी त्याला रोज थोडा वेळ आडवं व्हावंच लागतं. हॉक दुखला की उठायची भीती, म्हणून ते बसतच नाही. काही दिवसांनी उभ्या उभ्या झोपेत पुढचे पाय दुमडतात आणि ते कोसळता कोसळता सावरतं. पुढच्या पायांच्या खुरावरच्या सांध्यांवर पुढून खरचटल्याच्या जखमा दिसल्या तर कारण हेच असू शकतं. सकाळी अंगाला पेंढा चिकटलेला दिसला तर समजा, रात्री बसलं होतं. बाजारातलं कुठलंही यंत्र सांगणार नाही इतकी ही चांगली खूण आहे.

चालणं

या भागाला घोडं चालण्यासाठीच आहे हे सांगायची गरज नाही. चिकोडी तालुक्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व दरवर्षी माउलींच्या पालखीसाठी आळंदीपर्यंत पायी जातात. ते निरोगी घोडे, तुलना तेवढ्यापुरतीच. पण सरळ रेषेतली संथ चाल सांध्याला खाऊ घालते आणि उभं राहणं उपाशी ठेवतं. पूर्ण विश्रांती देऊन महिनाभर बांधून ठेवलेला घोडा सुटतो तेव्हा जास्त आखडलेला असतो.

पहिले दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ १० मिनिटं हातात धरून चालवणं. पुढं दर आठवड्याला ५-५ मिनिटं वाढवत प्रत्येक वेळ ४० मिनिटांपर्यंत न्यायची. वाढवत नेण्याचे हे सहा आठवडे सुरळीत गेले तर मातीच्या रस्त्यावर सरळ १ मिनिट दुडकी, मग चाल, मग पुन्हा, असं तीन-चार वेळा. दुसऱ्या दिवशी सकाळी आखडणं वाढलं तर दोन पायऱ्या मागं. लहान गोलात फिरवणं नाही. चोपलेली तांबडी माती सगळ्यांत चांगली. अथणीकडची काळी माती पावसात पाय धरून ठेवते, त्या दिवशी डांबराच्या कडेनं हळू चालवलेलं परवडतं. डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात पाठीवर आणि पुठ्ठ्यावर गोधडी टाकून मगच बाहेर काढा.

गाडीचं काम करणाऱ्या घोड्याला चढापेक्षा उतार मारतो, कारण मागं रेटणारी गाडी ते मागच्या पायांवर धरतं. ब्रेक नसलेल्या गाडीला उतारावर जुंपू नका. सुदृढ तट्टाला पाठीवर वजनाच्या पाचव्या हिश्शाइतकं ओझं चालतं असं धरतात. दुखऱ्या तट्टाला त्याच्या निम्मंही पुष्कळ. वरातीच्या घोडीला मागच्या पायांवर उभी करून नाचवणं कायमचं बंद. त्या वेळी सगळं वजन दुमडलेल्या दोन हॉकवर येतं. यजमान नाराज होतील, होऊ देत. आजारी किंवा वयामुळं असमर्थ जनावराला कामाला लावणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही आहे.

खाणं

लठ्ठ घोड्याचं वजन उतरवणं हे सगळ्यांत स्वस्त औषध. बरगड्या दिसू नयेत, पण तळहात हलका फिरवला की लागाव्यात. दिवसाला सुकी वैरण वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे आपल्या २२३ किलोच्या तट्टाला साधारण सव्वातीन ते साडेचार किलो. कामातून काढलेल्या घोड्याला पूर्वीचाच हरभरा आणि गूळ चालू ठेवणं, ही प्रेमानं केलेली हानी. उलट घोडं वाळत असेल तर आधी दात बघा. वैरणीचे चघळलेले गोळे तोंडातून पडत असतील तर दाढांच्या धारा घासून घ्याव्या लागतील.

आता ते दडलेलं कारण. उसाचे वाढे आणि संकरित नेपिअर गवत यांत ऑक्झलेट असतं. ते वैरणीतलं कॅल्शियम बांधून टाकतं. गव्हाच्या आणि भाताच्या कोंड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य. वाढे आणि कोंडा, आपल्या ऊसपट्ट्यातलं हे नेहमीचं जेवण महिनोन्‌महिने चाललं की शरीर हाडांतून कॅल्शियम उपसायला लागतं. घोडं पाय बदलून बदलून लंगडतं, आखडतं, पुढं तोंडाची हाडं दोन्ही बाजूंनी फुगतात. हे हॉकचं दुखणं समजून उपचार होतात आणि अर्थातच गुण येत नाही.

वाढ्यांऐवजी शाळूचा कडबा, हरळी, भुईमुगाचा पाला द्या. कोंडा द्यायचाच असेल तर १ किलोमागं साधारण ४० ग्रॅम पशुखाद्याची चुनखडी मिसळा. पानाला लावायचा चुना नव्हे, तो तोंड आणि अन्ननलिका भाजतो. रोज ५० ते १०० ग्रॅम ताजं भरडलेलं जवस द्यायला हरकत नाही. सांध्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाईन पावडरीच्या डब्यांबद्दल: काही मालकांना फरक जाणवतो, पण पुरावा कच्चा आहे. त्या पैशात नालबंदाच्या दोन फेऱ्या होतात. हळदीचंही तसंच, अपाय नाही, पण तिच्यावर भिस्त ठेवू नये.

डाग, बिब्बा आणि तेल

हॉकवर तापलेल्या लोखंडानं डाग देणं, बिब्बा लावणं हे अजून होतं. डाग दिल्यावर घोडं बरं झाल्यासारखं वाटतं, कारण जखमेमुळं त्याला दोन-तीन महिने कामाला लावलं जात नाही. गुण विश्रांतीचा, नाव डागाचं. खालचे सांधे हाडाला हाड लागून घट्ट बंद असतात. कातडी जाळून तिथवर काही पोचत नाही. बिब्ब्यानं कातडी फोडफोडून निघते आणि घोडं ती दातांनी ओरबाडतं. तेल सांध्यापर्यंत जात नसलं तरी पुठ्ठ्याला आणि मांडीला दहा मिनिटं चोळण्याचा फायदा होतो, कारण हॉक वाचवता वाचवता तिथले स्नायू आखडलेले असतात. अचानक दुखणं वाढून जागा गरम झाली तर १५-२० मिनिटं गार पाण्याची धार. हॉकला घट्ट पट्टी बांधू नका; मागच्या टोकावर आणि शिरेवर दाब येऊन कातडी मरते.

वही, आणि थांबायचं कधी

एका वहीत आठवड्याला एकदा चार ओळी: मोकळं व्हायला किती पावलं लागली, रात्री बसलं होतं का, किती औषध दिलं, खाणं कसं. महिन्यातून एकदा त्याच जागी तोच व्हिडिओ. रोज बघणाऱ्याला हळूहळू होणारी घसरण दिसत नाही, वही मात्र दाखवते.

सांधा गरमागरम सुजला आणि ताप १०२ फॅरनहाइटच्या वर असेल, सांध्याजवळच्या जखमेतून पिवळसर चिकट पाणी येत असेल, किंवा घोड्याला उठता येत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि पूर्ण औषधावरही घोडं आठवडेच्या आठवडे बसत नसेल, वैरण सोडून एका जागी उभं राहत असेल, तर शांतपणे निरोप देण्याबद्दल डॉक्टरांशी बोलायची वेळ आली आहे. अशा घोड्याला वेदनाशामक टोचून बाजारात उभं करणं म्हणजे त्याला आणखी एका गाडीला जुंपणं.

तो निर्णय झाला तर जागा आधी ठरवून ठेवा. विहीर, बोअर आणि ओढ्यापासून लांब, जेसीबीनं निदान ८ फूट खोल खड्डा, वर कमीत कमी ४ फूट माती. निरोपाच्या इंजेक्शनचं औषध मांसात राहतं. उघड्यावर टाकलेलं शव खाऊन कुत्री, कोल्हे आणि गिधाडं मरतात.